पुण्यात बिऱ्हाड हलवण्यापूर्वी: अमरावतीहून येणाऱ्या एका कुटुंबाला उत्तर

तुम्ही विचारलेल्या प्रश्नामागची परिस्थिती आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचा सल्ला कशाच्या आधारावर दिला आहे हे इतरांनाही कळेल. तुमच्या पतींना हिंजवडीच्या आयटी पार्कमध्ये, फेज तीनमधील एका कंपनीत नोकरी मिळाली असून जूनपूर्वी तुम्हाला अमरावतीहून पुण्याला यायचे आहे. घरात सातवीत जाणारी मुलगी, पहिलीत जाणारा मुलगा आणि बहात्तर वर्षांच्या सासूबाई आहेत. भाड्यासाठी दरमहा २५,००० रुपयांपर्यंत तुमची तयारी आहे. मात्र नातेवाईक सांगतात की भाडे म्हणजे पाण्यात घातलेले पैसे, तेव्हा वाकड किंवा पुनावळे भागात ८० लाखांपर्यंतचा फ्लॅट लगेच घेऊन टाकावा. अशा वेळी नेमके काय काय पाहावे, हा तुमचा प्रश्न आहे.

बदलीवर पुण्यात येणाऱ्या कुटुंबांना घर, शाळा आणि कागदपत्रे यांत मदत करणे हे माझे अनेक वर्षांचे काम आहे. बहुतेक कुटुंबे नकाशावर ऑफिसचे ठिकाण शोधतात आणि त्याच्या जवळ परवडेल ते घर घेतात. माझे मत याहून वेगळे आहे. घरातील जी व्यक्ती दिवसाचे सर्वांत जास्त तास त्या परिसरात काढणार आहे, तिच्यावरून परिसर ठरवावा आणि नोकरीचा प्रवास त्या निवडीत बसवून घ्यावा. तुमच्या घरात ती व्यक्ती म्हणजे सासूबाई आहेत, आणि त्यांच्यानंतर मुले. पतींना कंपनीची बस मिळेल, सहकारी मिळतील, काही दिवस घरून काम करण्याची मुभाही मिळू शकेल. सासूबाईंना मात्र चालत जाता येईल असा दवाखाना, बसायला बाक असलेली बाग, देऊळ, भाजीवाला आणि दोन समवयस्क बायका जवळपास नसतील, तर सहा महिन्यांत त्या परत अमरावतीला जाण्याची भाषा करू लागतात आणि सारे घर अस्वस्थ होते. असे अनेक घरांत घडताना मी पाहिले आहे.

आता घर विकत घेण्याविषयी, कारण हा निर्णय चुकला तर तो सहज फिरवता येत नाही. पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांच्या हद्दीत घर खरेदीवर सात टक्के मुद्रांक शुल्क पडते. खरेदी केवळ महिलेच्या नावावर असेल तर सहा टक्के. ८० लाखांच्या घरावर सात टक्क्यांनी ५,६०,००० रुपये होतात. नोंदणी फी ३०,००० रुपये. घर बांधकाम सुरू असलेल्या प्रकल्पातले असेल तर त्यावर पाच टक्के जीएसटी, म्हणजे आणखी ४,००,००० रुपये. हे ९,९०,००० रुपये घराच्या किमतीव्यतिरिक्त जातात आणि वर्षभराने हा भाग आपल्याला मानवत नाही असे लक्षात आले तर ते परत मिळत नाहीत. याउलट २५,००० रुपयांच्या भाड्याने अकरा महिने राहिलात तर २,७५,००० रुपये खर्च होतील आणि त्या बदल्यात शहराचा एक उन्हाळा, एक पावसाळा, शाळेचे एक वर्ष आणि रोजची वाहतूक तुम्ही स्वतः अनुभवलेली असेल. त्यामुळे हे भाडे वाया गेले असे मी मानत नाही. पुढे विकत घ्यायची वेळ येईल तेव्हा प्रकल्पाची महारेरा (राज्याचे गृहप्रकल्प नियामक प्राधिकरण) नोंदणी पाहा, आणि तयार घर असेल तर भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा दाखला, पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नका.

पुण्यात घर शोधताना पाण्याची चौकशी भाड्याच्याही आधी करावी. पुणे महापालिकेच्या बहुतांश भागाला खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणसाखळीतून पाणी येते, तर पिंपरी-चिंचवडला मुख्यतः पवना धरणातून. वाकड, पुनावळे, ताथवडे, पिंपळे सौदागर, सांगवी हे सगळे भाग पिंपरी-चिंचवडमध्ये येतात आणि तिथे २०१९ च्या अखेरीपासून दिवसाआड पाणीपुरवठ्याची पद्धत सुरू झाली. मुळा नदी ओलांडून बाणेर-बालेवाडीत गेलात की तुम्ही पुणे महापालिकेत असता. हिंजवडी, माण आणि मारुंजी ही तर ग्रामपंचायतींच्या कारभारात वाढलेली गावे आहेत. तिथे इमारती वीस-बावीस मजल्यांच्या झाल्या, पण नळाचे पाणी त्या वेगाने आले नाही. पुणे महापालिकेतही २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावे सामील झाली, आणि त्यांपैकी अनेक ठिकाणी सोसायट्यांचा दिवस अजून टँकरच्या फेऱ्यांवर चालतो. म्हणून पत्त्यात कोणत्या उपनगराचे नाव आहे यावर न थांबता, ती विशिष्ट इमारत कोणाच्या हद्दीत आहे आणि तिच्या टाकीत पाणी कुठून येते, हे विचारा.

हे एजंटला विचारून उपयोग नाही, कारण त्याला घर द्यायचे असते. घर पाहायला जाल तेव्हा वर जाण्यापूर्वी खाली सोसायटीच्या सूचनाफलकासमोर थांबा. पाणी किती वाजता सोडले जाईल, टँकरसाठी जादा वर्गणी, लिफ्ट बंद, गुरुवारी पाणीपुरवठा बंद, अशा ज्या सूचना तिथे लावलेल्या असतात त्यांतून त्या इमारतीचे खरे चित्र दिसते. मग वॉचमनला विचारा की एप्रिल-मेमध्ये दिवसाला किती टँकर येत होते. फ्लॅटमध्ये शिरल्यावर बाथरूममधील नळाच्या तोंडाशी आणि टाइलवर पांढरा थर आहे का ते पाहा; असेल तर बहुधा बोअरवेलचे जड पाणी वापरात आहे, आणि त्याचा परिणाम वॉशिंग मशीन, गीझर आणि केस या तिन्हींवर होतो. नळ सोडून त्याची धार दोन मिनिटे पाहा. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरला आहे की भाडेकरूकडून वेगळा घेतला जातो, हे घरमालकाकडून स्पष्ट करून घ्या आणि करारात लिहून घ्या. पिण्याच्या पाण्याच्या शुद्धतेबाबतही बेफिकीर राहू नये. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्त्यालगतच्या नांदेड, किरकटवाडी परिसरात गीयन-बारे सिंड्रोम या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले, तेव्हा तिथल्या पाण्याच्या शुद्धीकरणाचाच प्रश्न पुढे आला होता. लहान मूल आणि वृद्ध व्यक्ती घरात असताना पाणी उकळून किंवा चांगल्या फिल्टरमधून घ्यावे.

पाण्याचा दुसरा प्रश्न पावसाळ्यातला. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेला पूर आणि २५ जुलै २०२४ रोजी सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत शिरलेले मुठेचे पाणी पुणेकर विसरलेले नाहीत. तुम्ही ज्या बाजूला घर पाहणार आहात तिथे मुळा आणि पवना या नद्या आहेत. सांगवी आणि पिंपळे निलखच्या नदीकाठच्या गल्ल्यांत तळमजला किंवा पहिला मजला घेऊ नका. इमारत पूररेषेच्या आत येते का, हेही विचारा: निळी पूररेषा म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा पुराचे पाणी जिथवर येऊ शकते ती हद्द, आणि लाल रेषा शंभर वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची. इमारतीमागे ओढा आहे का हे पाहावे, आणि नुसती एखादी भिंत किंवा अरुंद गटार दिसत असेल तर पूर्वी तिथून ओढा वाहत होता का, याची चौकशी शेजारच्या जुन्या दुकानदाराकडे करावी. एक मुसळधार पाऊस झाल्यानंतर तो भाग पाहता आला तर उत्तमच.

प्रवासाच्या बाबतीत किलोमीटर मोजू नका, वेळ मोजा. हिंजवडीत शिरण्याच्या मुख्य वाटा मोजक्या आहेत आणि सकाळी वाकडचा पूल, भुमकर चौक व शिवाजी चौक इथे सारी गर्दी एकवटते. फेज एक आणि फेज तीन यांच्यातच काही किलोमीटरचे अंतर आहे, त्यामुळे ‘हिंजवडीपासून दहा मिनिटे’ या जाहिरातीतील हिंजवडी नेमकी कुठली, हे विचारावे लागते. एजंट घरे रविवारी दाखवतात. रस्ता मात्र मंगळवारी किंवा बुधवारी सकाळी साडेआठ ते दहा आणि संध्याकाळी सहा ते आठ या वेळात स्वतः जाऊन पाहिला पाहिजे. शक्य असेल तर पतींनी एक महिना आधी एकट्याने यावे, ऑफिसजवळ कॉट बेसिसवर (खोलीतल्या एका खाटेपुरते भाडे देऊन) राहावे, कंपनीच्या बसचे मार्ग व थांबे समजून घ्यावेत आणि दोन-तीन निरनिराळ्या भागांतून ऑफिसला जाऊन पाहावे. मेट्रोचा विचार करताना प्रत्यक्ष धावणाऱ्या टप्प्यांचाच हिशेब धरा. काम चालू असलेल्या स्थानकाच्या नावावर वाढवलेले भाडे आज देण्यात अर्थ नाही.

हे सर्व लक्षात घेऊन, तुमच्या कुटुंबासाठी पुनावळे किंवा मारुंजीऐवजी मी पिंपळे सौदागर, नवी सांगवी, पिंपळे गुरव आणि औंधचा जुना भाग आधी पाहीन. तिथून फेज तीन वाकडपेक्षा दूर पडते, हे मान्य आहे. नव्या सोसायट्यांमधील जलतरण तलाव आणि क्लब हाऊस तिथल्या अनेक इमारतींत नसेल. पण वस्ती मुरलेली आहे, डॉक्टर आणि औषधांची दुकाने चालण्याच्या अंतरावर आहेत, ज्येष्ठ नागरिक संघ चालू आहेत आणि सेमी इंग्रजी माध्यमाच्या शाळाही मिळतात. पाणी दिवसाआड येत असले तरी जुन्या सोसायट्यांनी साठवणीची व्यवस्था लावलेली असते. ती पुरेशी आहे का, हे मात्र प्रत्येक इमारतीत विचारावे लागेल. लिफ्टला वीज गेल्यावर बॅकअप आहे का, हेही विचारा, कारण सासूबाईंच्या दृष्टीने चौथा मजला आणि बंद लिफ्ट म्हणजे घरातच अडकून पडणे. घर पक्के करण्यापूर्वी एकदा त्यांना सोबत आणा आणि सकाळी व संध्याकाळी त्या रस्त्यावर चालवून पाहा. फूटपाथ नसलेल्या रस्त्यावर दुचाक्यांच्या गर्दीत त्या बिचकतात की निर्धास्त चालतात, हे पाच मिनिटांत दिसून येते.

मुलांच्या शाळेचा निर्णय घराच्या निर्णयाबरोबरच व्हायला हवा. पहिलीच्या जागा खासगी शाळांत आदल्या वर्षाच्या अखेरीपासूनच भरू लागतात, आणि सातवीत तर कोणी शाळा सोडून गेले तरच जागा होते. म्हणून मार्चपासूनच चार-पाच शाळांना फोन करून ठेवा. मुलगी राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर घाईने मंडळ बदलू नका. सीबीएसईकडे जायचेच असेल तर आठवीपर्यंत जावे, कारण त्या मंडळाची विद्यार्थी नोंदणी नववीत होते आणि त्यानंतर बदल करणे अवघड जाते. सीबीएसईचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि राज्य मंडळाचे जूनमध्ये, हेही तुमच्या तारखांशी ताडून पाहा. शाळा सोडल्याचा दाखला, त्यावरील जन्मतारीख, आधारवरील नावाचे स्पेलिंग आणि शाळेच्या पोर्टलवरील विद्यार्थ्याचा क्रमांक या चारही गोष्टी अमरावती सोडण्यापूर्वी जुळवून घ्या, कारण नंतर एका अक्षरासाठी परत जावे लागते. दाखल्याला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेने आठवीपर्यंतच्या मुलाचा प्रवेश अडवू नये, असे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ५ मध्ये म्हटले आहे. मुख्याध्यापकांना हे नम्रपणे दाखवून देता येते.

भाडेकराराकडे लोक औपचारिकता म्हणून पाहतात, हे मला योग्य वाटत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर आहे. नोटरीचा कागद त्याची जागा घेत नाही. खर्चही फार नाही: अकरा महिन्यांचे भाडे २,७५,००० रुपये, त्यात ७५,००० रुपयांच्या डिपॉझिटवर दहा टक्के दराने अकरा महिन्यांचे धरलेले ६,८७५ रुपये मिळवून येणाऱ्या रकमेवर पाव टक्का, म्हणजे सुमारे ७०५ रुपये मुद्रांक शुल्क, आणि महापालिका हद्दीत १,००० रुपये नोंदणी फी. एजंटचा मेहनताना वेगळा. हल्ली त्याचा माणूस लॅपटॉप आणि अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो, आधारवरून ओळख पटवतो आणि काम अर्ध्या तासात उरकते. त्या घाईत मसुदा वाचायचा राहून जातो, म्हणून तो आदल्या दिवशी मागवून घ्या. लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही तो) किती महिन्यांचे आहे, नोटीस एक महिन्याची की दोन, मुदत संपल्यावर नूतनीकरणात भाडेवाढ किती टक्के, रंगकामासाठी डिपॉझिटमधून किती कापणार, मेंटेनन्स कोण भरणार, ही पाच कलमे नीट वाचा. भाडेकरू ठेवल्याबद्दल सोसायटी घेते तो बिनभोगवटा आकार घरमालकाचा असतो आणि तो सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. तो तुमच्यावर ढकलला जात असेल तर तसे सांगा. भाडेकरूची माहिती पोलिसांकडे दिल्याची पावतीही मागून घ्या. वाकड, सांगवी, हिंजवडी हा भाग पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाकडे येतो, पुण्याकडे नाही.

पैसे देण्यापूर्वी घर खरोखर त्या माणसाचे आहे याची खात्री करा. इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), मिळकतकराची पावती आणि महावितरणचे बिल या तिन्हींवरील नाव जुळले पाहिजे. मालक परदेशी असेल आणि दुसरा कोणी सही करणार असेल तर कुलमुखत्यारपत्र पाहा. ‘मी सैन्यात आहे, बदलीवर आहे, आधी टोकन पाठवा, चावी कुरिअरने येईल’ असे सांगणाऱ्याला एक रुपयाही पाठवू नका. ताबा घेताना वीज मीटरच्या आकड्याचा, भिंतींवरील ओलीचा आणि प्रत्येक खोलीचा फोटो काढून त्याच दिवशी मालकाला पाठवून ठेवा. डिपॉझिट परत घेताना होणारे बहुतेक वाद या फोटोंमुळे टळतात.

पहिल्या महिन्याच्या खर्चाचा अंदाज लोक नेहमी कमी धरतात. तीन महिन्यांचे डिपॉझिट, एक महिन्याचे आगाऊ भाडे आणि साधारण एक महिन्याइतकी दलाली मिळून १,२५,००० रुपये ट्रक हलण्यापूर्वीच लागतील, आणि त्यावर दोन मुलांचे प्रवेश. सामान नेणाऱ्या कंपनीकडून घरातील वस्तू पाहून लेखी दर घ्या, सामानाची यादी दोन्ही बाजूंनी सही करून ठेवा आणि पूर्ण रक्कम आधी देऊ नका. नव्या सोसायटीत सामान चढवण्याची वेळ आणि लिफ्ट वापरण्याचे नियम आधी विचारावेत. आषाढी वारीच्या पालख्या देहू-आळंदीहून निघून पुण्यात मुक्कामाला येतात तेव्हा शहरातले अनेक रस्ते बंद असतात. ते दिवस टाळा.

कागदपत्रांचे काम राज्यातल्या राज्यात असल्याने सोपे आहे. एमएच-२७ क्रमांकाची गाडी पुन्हा नोंदवावी लागत नाही, फक्त पत्ता बदलल्याची सूचना तीस दिवसांत परिवहन कार्यालयाला द्यायची असते. नोंदणीकृत भाडेकरार हाती आला की आधारवरील पत्ता, गॅस जोडणी, बँक आणि मतदार यादीतील स्थलांतरासाठीचा नमुना ८ ही कामे त्याच कागदावर होतात. सासूबाईंना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल तर नोव्हेंबरमधील हयातीचा दाखला पुण्यातून डिजिटल पद्धतीने देता येतो. त्यासाठी त्यांचे आधार आणि मोबाइल क्रमांक आधीच जोडून ठेवा. अमरावतीच्या डॉक्टरांकडून त्यांच्या सर्व औषधांची आणि जुन्या तपासण्यांची एक टाचण काढून आणा आणि पुण्यात आल्यावर आजारपणाची वाट न पाहता पहिल्या पंधरवड्यातच जवळच्या फॅमिली डॉक्टरांना भेटून या.

तुम्ही स्वतःच्या नोकरीबद्दल प्रश्नात एकच ओळ लिहिली आहे: अमरावतीत हिशेबनीस आहात, ते काम सोडावे लागेल, पुण्यात पाहू. याला मी इतके दुय्यम स्थान देणार नाही. तुमच्या कामाच्या संधी हिंजवडीत जितक्या आहेत त्याहून जास्त शिवाजीनगर, कॅम्प, डेक्कन आणि चिंचवड-भोसरीच्या उद्योगांत आहेत. पिंपळे सौदागर किंवा पिंपळे गुरवमध्ये राहिलात तर नाशिक फाटा आणि कासारवाडी ही मेट्रो स्थानके जवळ पडतात. तिथून पिंपरी आणि स्वारगेट या दोन्ही दिशांना थेट जाता येते, आणि जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून डेक्कन किंवा रामवाडीकडेही जाता येते. पुनावळ्यात राहिलात तर हे सारे दुचाकी किंवा दोन बसवर येते. घर निवडताना तुमच्या संभाव्य प्रवासालाही पतींच्या प्रवासाइतकेच महत्त्व द्या, आणि मुलांच्या शाळा सुरू झाल्या की लगेच अर्ज करायला लागा. करार संपत येईल तेव्हा, म्हणजे साधारण पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये, तुमची नोकरी कुठे लागली आहे, सासूबाईंना परिसर मानवला का आणि उन्हाळ्यात टँकर किती आले, या तीन गोष्टी समोर ठेवून नूतनीकरण करायचे की जागा बदलायची ते ठरवा. नातेवाईक सुचवतात तो फ्लॅट घ्यायचा असेल तर त्याची चौकशीही तेव्हाच सुरू करा.